उशाची खिडकी

१

गाडी आतून साफ करायची तर आधी नाक चालवायचं, मग हात. बंद जागेचा वास पहिल्या श्वासाला कळतो, दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं. म्हणून मी रोज सकाळी आठला कॅरॅव्हॅनचं कुलूप काढायचो, दार उघडून पायरीवर उभा राहायचो आणि एकच श्वास घ्यायचो. फोम, प्लायवूड, थोडं व्हिनेगर. ठीक. मग चपला बाहेर आणि मी आत.

मी हणमंत शिर्के. हवाई दलात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ इथे लखनऊला, बख्शी का तालाबच्या स्टेशनवर. रिटायर झाल्यावर फलटणला परतायचं ठरलं होतं. पण आमच्या लेकीला, नेत्राला, अलीगंजच्या एका शाळेत नोकरी लागली, मग आम्ही इथेच सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, शेताला लागून घर बांधलं. माझं काम केबिनच्या हवेचं. विमान वर गेलं की बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नसते, जी असते ती आत धरून ठेवलेली. ती कुठून निसटते ते शोधायचं आणि भोक बुजवायचं. आणि पॅनेल बंद करण्याआधी बॅटरी मारून आत डोकावायचं, एखादा पाना, एखादं फडकं राहिलंय का ते बघायला. न डोकावता मी आयुष्यात काही बंद केलं नाही. घरातलं कपाट लावतानासुद्धा डोकावतो. माझी बायको यमुना म्हणायची, जित्याची खोड आहे, जायची नाही.

कॅरॅव्हॅन म्हणजे आमच्या बोलेरोच्या मागे जोडून ओढायची बारा फुटी खोली. पुढच्या भिंतीकडे डोकं येईल असा बर्थ, त्याच्या उशाला त्याच भिंतीत एक रुंद खिडकी, बाजूला ओटा, सिंक आणि आणखी तीन खिडक्या. यमुना तिला "तुमचं विमान" म्हणायची. पण ते घेतलं होतं तिच्यासाठीच.

दोन वर्षांपासून तिची फुफ्फुसं कडक होत चालली होती. इथलं हिवाळ्याचं धुकं नि त्यातला धूर तिला अजिबात सोसेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "शिर्केजी, इन्हें यहाँ से ले जाइए." विमानाला त्यांचा नकार होता आणि रेल्वेत एवढा वेळ बसून जाणं तिला शक्य नव्हतं. झोपून, ऑक्सिजनचं मशीन चालू ठेवून न्यायचं तर ही गाडी. त्यातही अट होती. ऑक्सिजनचा आकडा सलग आठ दिवस नव्वदच्या वर राहिला तरच निघायचं. फलटणच्या कोरड्या उन्हात पोचली तर तिला आणखी काही वर्षं मिळणार होती. नाही पोचली तर नाही.

बोलायला दम पुरेना तेव्हापासून आमची खूण ठरलेली. उजव्या हातातली चांदीची अंगठी ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. दोन टोले म्हणजे पाणी. तीन टोले म्हणजे तुम्ही या. मी गाडीत असलो तरी मला ते ऐकू यायचे, मधे फक्त अंगण होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नाकाला काही लागलं नाही, डोळ्याला लागलं. उशाची खिडकी आतून ओली होती. बाकीच्या तिन्ही कोरड्या. काचेवरून ओघळ येऊन खालच्या पन्हाळीत पाणी साचलं होतं, ते मी इंजेक्शनच्या सिरिंजनं ओढून घेतलं. चमचाभर भरलं. थंडीत बंद खोलीत माणूस झोपला की उशाची काच अशी ओली होते, हे कुणीही सांगेल. पण गाडीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात होती.

२

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पाणी आलं म्हणजे दमट हवा आली, हवा आली म्हणजे फट आहे. सरळ गोष्ट.

चार दिवस मी फटी शोधल्या. बर्थच्या गाद्या उचलून उभ्या केल्या, खालच्या पेट्या रिकाम्या केल्या, कोपऱ्यातली काळी बुरशी व्हिनेगरनं पुसली. खिडक्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशनं साफ केल्या, रबरांना टाल्कम पावडर लावली. ड्रॉवरच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली, अडकत होते म्हणून. नेत्रा शाळेतून स्कूटीवर आली की दारातूनच म्हणायची, "पप्पा, आप फिर अंदर घुसे हुए हैं? आई अकेली हैं उधर."

"अगं, तिच्यासाठीच चाललंय ना सगळं," मी म्हणायचो.

शेवटी मी जमिनीतलं आणि छताजवळचं अशी दोन्ही हवेची भोकं बुजवून टाकली. फोम कोंबला, वरून टेप. अशा गाडीत ती बुजवायची नसतात हे मला कळतं. माणसं आत झोपतात, त्यांना हवा लागते. पण मला बाहेरची हवाच आत नको होती, तो धूर नको होता. निघायच्या दिवशी काढू, म्हटलं.

मग आमच्या पद्धतीनं तपासणी. भांड्याच्या साबणाचा फेस केला, ब्रशनं दाराच्या रबरावर चारी बाजूंनी लावला. व्हॅक्युम क्लीनरचा पाइप उलटा लावून हवा आत भरायची आणि फेसाला बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. मी मशीन आणायला वळलो तेवढ्यात बिजागराशी नजर गेली. फेस फुगत होता. फुगला, थांबला, आत ओढला गेला. परत फुगला.

वारा नव्हता. धुक्यात सरसोंचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सव्वीस.

घरात आलो. यमुना उशीला टेकून बसली होती, नाकात नळी. डॉक्टरांसाठी मी रोज तिचे श्वास मोजायचोच. तिला कळू नये म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचो. त्या दिवशीही मोजले. सव्वीस.

"काय झालं?" तिनं विचारलं. "तोंड असं का?"

"काही नाही. फट सापडत नाही."

"सापडेल," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं दम घेऊन, "तुम्हाला."

३

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसं काहीतरी असेल असं मी स्वतःला समजावलं. दोन सव्वीस एकसारखे आले म्हणून काय आभाळ कोसळत नाही.

दुसऱ्या दिवशी जरा ऊन पडलं. मी गाडीचं दार आणि चारही खिडक्या सताड उघडल्या, गाद्या बाहेर काढल्या, उशाची काच पेपरनं घासून कोरडी ठणठणीत केली. अर्ध्या तासात नेत्राची हाक आली. यमुनेचा आकडा एक्क्याऐंशीवर उतरला होता, ओठ निळे पडले होते. मशीनचा फ्लो वाढवला, पाठ चोळली, काही उपयोग होईना. संध्याकाळी दव पडायच्या आत गाद्या आत घेतल्या, गाडी बंद केली आणि परत येऊन बघतो तर शहाऐंशी.

पुढच्या आठवड्यात परत तेच. मी सिंकखालचा पाइप बदलायला तासभर दार उघडं ठेवलं आणि इकडे ब्याऐंशी. घरात आलो तर तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "आज गाडी उघडी ठेवली होती का?"

खोलीची खिडकी बंद होती. तिथून गाडी दिसत नाही.

"तुला कसं कळलं?"

तिनं छातीवर हात ठेवला. "इथं गार लागलं."

आता तुम्ही म्हणाल, हणमंतराव, तेव्हाच समजायला हवं होतं. काय समजायला हवं होतं? मला एवढंच समजलं की ते दार बंद असलं की माझ्या बायकोला श्वास पुरतो. का पुरतो ते मी विचारलं नाही. केबिन वर असताना दार उघडायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सहा जानेवारीपासून मी गाडी उघडणं बंद केलं. साफसफाई झालेलीच होती. सकाळी फक्त जाऊन दाराला ताजा फेस लावायचा आणि मोजायचं. चोवीस. मग घरात येऊन मोजायचं. चोवीस. उशाची काच आतून दुधासारखी पांढरी झाली होती, पाणी बर्थवर ठिबकत असणार, गादी कुजत असणार. माझ्यासारख्या माणसाला ते बघवत नव्हतं. पण घरात आकडा एक्क्याण्णव, ब्याण्णव, परत ब्याण्णव. सात तारीख, आठ, नऊ. नेत्रानं कॅलेंडरवर पेननं गोल करायला सुरुवात केली.

एकदा मी दाराला कान लावला. आत श्वास चालू होता. घाईचा, वरवरचा, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. दोन वर्षं मी त्याच आवाजाशेजारी झोपत होतो. मला भीती वाटली हे कबूल करतो. आणि बरंही वाटलं, हेही कबूल करतो.

४

आठवा गोल मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी पडला. संक्रांत घरात करून पंधराला सकाळी निघायचं ठरलं.

चौदाला सकाळी यमुनेनं हट्ट धरला. "मला एकदा आत जाऊन बघू द्या. मसाल्याचे डबे मी माझ्या हातानं लावणार."

"मी लावतो ना."

"तुम्ही लावता ते तुम्हालाच सापडतं."

मी उद्यावर ढकललं. तिला काय सांगणार होतो? उद्या तर तिला त्याच गाडीत, त्याच बर्थवर झोपून जायचं होतं. या गोष्टीचा विचार मी आठ दिवस टाळला होता, डोळ्यांवर कातडं ओढून.

दहा वाजता आंघोळ केली आणि बोलेरोच्या टायरांत हवा भरायला सीतापूर रोडला गेलो. आंघोळीला जाताना गळ्यातली किल्ली खुंटीला लावली होती ती तिथेच राहिली. परत आलो तर यमुनेची खाट रिकामी. नाकातली नळी उशीवर पडलेली, मशीन चालूच. मी अंगणात धावलो. कॅरॅव्हॅनचं कुलूप कडीला लटकत होतं, दार बंद होतं आणि पायरीपाशी तिच्या चपला होत्या, एकीला एक लावून.

दाराच्या रबरावर सकाळचा फेस अजून ओला होता. मी वाकून पाहिलं. आत दोन श्वास चालू होते. अगदी एकाच मापाचे, एक जरासा मागे. मग त्यातला एक हळू व्हायला लागला. सावकाश झाला, खोल झाला, फेसाचा मोठा फुगा यायला लागला आणि निवांत आत जायला लागला. दुसरा तसाच घाईत राहिला.

"यमुना," मी कडीला हात घातला.

"थांबा, उघडू नका, डबे लावतेय मी, सगळी थंडी आत येईल."

एवढं लांब वाक्य, एका दमात. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं मी. माझे पाय तिथेच थबकले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि ती बाहेर आली. पायरी आधाराशिवाय उतरली. मागे हात नेऊन दार लोटलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"झालं. आत बघायचं काही राहिलं नाही. चला, चहा टाकते."

"तू टाकतेस?"

"मग काय तुम्ही? तुमचा चहा पिऊनच आजारी पडले मी."

ती हसली आणि खोकला आला नाही. मी कुलूप लावलं. बॅटरी माझ्या खिशात होती, ती असतेच. मी आत डोकावलो नाही.

घरात ऑक्सिमीटरवर आधी काहीच आकडा येईना. तिची बोटं फार गार होती. मी ती चोळून चोळून गरम करायला बघितली, मग आला. अठ्ठ्याण्णव. नेत्रा रडायलाच लागली. संध्याकाळी यमुनेनं तीळ भाजले, तिळगूळ केला, आम्हाला वाढलं. स्वतः काही खाल्लं नाही, भूक नाही म्हणाली. तिच्या उजव्या हातात अंगठी नव्हती.

"अंगठी कुठे?" मी विचारलं.

"आत राहिली असेल. फलटणला बघू."

रात्री मी तिच्या शेजारी पडलो. शिट्टीचा आवाज नव्हता. दोन वर्षांनी खोली इतकी शांत झाली होती की मला झोप लागली नाही.

५

पंधराला सकाळी साडेसातला धुकं इतकं होतं की फाटकातून रस्ता दिसत नव्हता. मी कॅरॅव्हॅन बोलेरोला जोडली, साखळी लावली, दिवे तपासले. दाराला फेस लावला नाही. बुजवलेली भोकं उघडायची होती, ती उघडली नाहीत. त्यासाठी आत जावं लागलं असतं.

"मी पुढेच बसणार," यमुना म्हणाली. "आता झोपून जायचं काय कारण आहे?"

काहीच कारण नव्हतं. मशीन मागच्या सीटवर ठेवलं, लागलंच तर म्हणून.

नेत्रा निरोप द्यायला अंगणात उभी होती. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. माझ्याही. शेजारच्या म्हशीच्या नाकातूनसुद्धा. यमुना बोलत होती, नेत्राला दहा सूचना देत होती, गॅस बंद करत जा, वेळेवर जेव, मेमध्ये सुट्टी लागली की ये. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती. मी बघत राहिलो. एका शब्दाचीसुद्धा वाफ झाली नाही.

नेत्रानं तिला मिठी मारली आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "आई बहुत ठंडी हैं पप्पा. हीटर चला लेना."

"चालवतो," मी म्हणालो.

फाटकातून बाहेर पडलो. कच्च्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन जरा हिंदकळली, तेव्हा मागून खोकला ऐकू आला. आधी दोन कोरडे, मग एक लांबलचक, शेवटी "आई गं". तो खोकला मी गर्दीतसुद्धा ओळखेन. मी शेजारी पाहिलं. यमुना काचेतून सरसोंकडे बघत होती, तोंड मिटलेलं.

मग टोले पडले. लोखंडाच्या पट्टीवर चांदी. दोन.

पाणी. गाडीतलं पाण्याचं कॅन मीच सहा तारखेच्या आधी रिकामं करून पुसून ठेवलं होतं, वास येऊ नये म्हणून.

"मागे काय वाजतंय हो?" यमुनेनं विचारलं.

"स्टीलचा डबा असेल."

"तुमच्या गाडीत काही सैल नसतं म्हणता ना?"

सीतापूर रोड आला, तोंडाशी मी गाडी थांबवली. कडेला थांबायला जागा होती, चहाच्या टपरीसमोर चांगली ऐसपैस. किल्ली माझ्या गळ्यात होती. बारा फुटी खोलीत, दोन्ही भोकं बुजवलेली असताना, एका माणसाला हवा किती वेळ पुरते याचा हिशोब मला येतो. एकतीस वर्षं मी तेच केलं. कालपासून मी तो हिशोब मांडला नव्हता.

मी आरशात पाहिलं. बोलेरोच्या मागच्या काचेतून उशाची खिडकी दिसत होती, पांढरीधोप. त्या पांढऱ्यात खालच्या कोपऱ्याशी एक तळहाताएवढी जागा हळूहळू स्वच्छ झाली. आतून पुसलेली. पुसणारा हात दमला असावा, मधेच थांबत होता. त्या स्वच्छ जागेत काहीतरी आलं, काचेला टेकलं आणि भोवती परत वाफ धरायला लागली.

तीन टोले पडले. अंतर ठेवून, एकेक. तुम्ही या.

माझा पाय ब्रेकवर होता. यमुनेनं माझ्या हातावर हात ठेवला. गार होता, पण घट्ट होता, तिच्या पंचविशीतल्या हातासारखा.

"चला ना," ती म्हणाली. "उशीर होईल."

दोन वर्षं मी देवाकडे एकच मागितलं होतं, की ही माझ्या शेजारी बसून, धाप न लागता बोलावी. ती बसली होती. बोलत होती. मी दार उघडलं असतं तर कोण राहिलं असतं आणि कोण गेलं असतं, हे मला माहीत नव्हतं, आणि मला ते तपासायचं नव्हतं.

परत तीन टोले पडले, आधीपेक्षा हलके.

मी हात वर केला आणि आरसा छताकडे वळवला. मग गिअर टाकला आणि गाडी रस्त्याला घेतली.